वॅगनर रँच: न वाटलेली पाच लाख एकर

वाटपाच्या दाव्यात वकील आधी सातबारा मागतो आणि मग समोर बसलेल्या भावांची तोंडं बघतो. उताऱ्यावरून जमीन कळते. दावा किती वर्षं चालणार हे तोंडांवरून. माझी उमेदीची वर्षं तालुक्याच्या कोर्टात अशाच दाव्यांत गेली. बहुतेक प्रकरणं दीड-दोन एकरांची, विहिरीच्या पाळ्यांवर नाहीतर बांधावरच्या आंब्यावर अडलेली. तरी सामाईक जमिनीचं काय होतं हे एखाद्या नव्या वकिलाला समजावायचं झालं की मी आपल्याकडचं उदाहरण देत नाही, टेक्सासातल्या वॅगनर रँचचं, म्हणजे गुरं पाळायच्या एका अफाट कुरणाचं, देतो. भांडण तेच आहे. फक्त आकडे एवढे मोठे आहेत की आपल्या भाऊबंदकीत जे बारीक अक्षरात दडलेलं असतं ते तिथे पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं.

ऑगस्ट २०१४मध्ये ही रँच विक्रीला निघाली. क्षेत्र ५,१०,५२७ एकर, मागणी ७२ कोटी ५० लाख डॉलरची. उत्तर टेक्सासातल्या विल्बर्गर, बेलर, विचिटा, आर्चर, नॉक्स आणि फोर्ड अशा सहा काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) पसरलेली जमीन, आणि तीही एकाच कुंपणात. त्याच राज्यातली किंग रँच सव्वाआठ लाख एकरांची आहे, पण ती वेगवेगळ्या तुकड्यांत. एका कुंपणातली सलग रँच म्हटली की अमेरिकेत पहिलं नाव वॅगनरचं निघायचं. चौरस किलोमीटरमध्ये हे क्षेत्र दोन हजारांच्या वर जातं. तीन मुंबया आत बसतील आणि वर जागा उरेल. आणखी एक हिशेब मी नेहमी मांडून दाखवतो. महाराष्ट्राच्या कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा एका कुटुंबाला ५४ एकर. त्या मापानं ही रँच साडेनऊ हजारांच्या आसपास कुटुंबांना पुरली असती. तिथे ती एका घराण्याची होती, आणि त्या घराण्यातही भांडायला दोनच शाखा उरल्या होत्या.

जमिनीबरोबर जे मिळणार होतं त्याची यादीही तशीच भारी. ६,८००च्या आसपास गुरं, पाचशे क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे, हजारावर तेलविहिरी, नांगराखालची तीस हजार एकर, तळी, काउबॉय लोकांच्या छावण्या, आणि शिकारीसाठी पांढऱ्या शेपटीची हरणं, लावे, टर्की, रानडुकरं. घ्यायची तर सगळी घ्या, तुकडा मिळणार नाही, ही अट.

जमवली कशी, बांधली कशी

मूळ पुरुष डॅन वॅगनर. १८५०च्या दशकात तो पश्चिमेकडे सरकला तेव्हा त्याच्याजवळ २४२ लाँगहॉर्न गुरं, सहा घोडे आणि पंधरा वर्षांचा एक काळा गुलाम मुलगा होता. इतिहासात हे तिन्ही एकाच ओळीत मोजलेले सापडतात. त्या काळी मालमत्तेची यादी तशीच व्हायची. यादवी युद्धानंतर गुरांचे कळप कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हाकत नेऊन विकायचा धंदा जोरात आला. १८७०मध्ये वॅगनर बापलेक असाच एक कळप विकून ५५,००० डॉलर घेऊन परतले. तो पैसा जमिनीत गेला, जमिनीतून पुन्हा गुरांत, गुरांतून पुन्हा जमिनीत. मुलगा टॉम, म्हणजे कागदोपत्री डब्ल्यू. टी. वॅगनर, बापाहून सवाई निघाला. त्यांच्या गुरांवरचा डाग म्हणजे इंग्रजी डी हे अक्षर, उलटं करून तीनदा. सुलट्या डीला एखादी रेघ ओढून चोराला त्याचं दुसरं अक्षर करता येतं. उलट्या तीन डींचं काय करणार?

रेड नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, कोमँची आणि कायोवा जमातींच्या राखीव प्रदेशात काही लाख एकर कुरण टॉम वॅगनर आणि त्याचा शेजारी बर्क बर्नेट भाड्यानं चारत असत. तो प्रदेश वसाहतवाल्यांना खुला होणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा मुदत वाढवून घ्यायला वॉशिंग्टनपर्यंत धावाधाव झाली. एप्रिल १९०५मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच कुरणांत लांडग्यांच्या शिकारीला आले. यजमानांत बर्नेट आणि वॅगनर होते, सोबत कोमँचींचा प्रमुख क्वाना पार्कर होता, आणि जॅक ॲबरनॅथी नावाचा एक गडी होता जो घोड्यावरून उडी टाकून लांडग्याच्या जबड्यात हात कोंबून त्याला जिवंत धरायचा. पुढच्याच वर्षी ती कुरणं लिलावात निघाली ती निघालीच. तेव्हा शिकार विकायची गोष्ट नव्हती; मोठ्या माणसाशी ओळख ठेवायचा तो पाहुणचार होता. शंभर वर्षांनी तीच शिकार किमतीला हातभार लावणारी बाब झाली, त्याकडे पुढे येतो.

तेल अपघातानं आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरांसाठी पाण्याची बोअर घेताना खाली तेल लागलं आणि टॉम वैतागला, गुरं काय हे पिणार आहेत, अशी आख्यायिका आहे. शब्द खरे असोत नसोत, वैताग खरा वाटतो. दुष्काळी भागात बोअर घेणाऱ्यानं पाणी सोडून दुसरं काही मागितलेलं मी ऐकलेलं नाही. १९११मध्ये जवळच्या गावात तेलाचा फवारा उडाला आणि चित्र बदललं. त्या गावाचं नाव इलेक्ट्रा. टॉमच्या मुलीवरून पडलेलं.

आता प्रकरणाचा खरा सांधा. टॉमला तीन मुलं: इलेक्ट्रा, गाय आणि ई. पॉल. १९०९-१०च्या सुमारास त्यानं जवळपास निम्मी रँच त्यांच्यात वाटून दिली, प्रत्येकाला वेगळा भाग, वेगळं नाव. मुलांनी धंदा शिकावा हा हेतू. म्हणजे जमीन वाटता येत होती. वाटलीही होती. पण १९२३मध्ये त्यानं उलटा फेरा घेतला आणि इस्टेट एका ट्रस्टमध्ये घातली. विश्वस्त तो एकटा. वारसांच्या हाती जमीन नाही, हिस्से. १९३४मध्ये तो वारला.

आपल्याकडचा एकत्र कुटुंबाचा कर्ता आणि हा विश्वस्त यांत फारसा फरक नाही, एक सोडून: आपल्याकडे कर्त्याला कंटाळलेला भाऊ वाटप मागू शकतो. ट्रस्टच्या हिस्सेदाराला बांध दाखवून माझा तुकडा दे म्हणता येत नाही. टॉमला नेमकं तेच हवं असणार. जमीन फुटू नये. आणि ती फुटली नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायलाच हवं. नव्वद वर्षं एक एकरही भाऊबंदकीत गेला नाही. पण रचनेत बाहेर पडायचं दार किती मोठं ठेवायचं, याचा विचार बापानं स्वतः करायचा असतो. इथे प्रत्यक्षात असं झालं की एकाला बाहेर पडायचं तर सगळंच विकलं पाहिजे.

दावा

१९९१मध्ये इलेक्ट्रा वॅगनर बिग्ज हिनं रँच मोडीत काढून पैसे वाटावेत म्हणून दावा लावला. ही टॉमची नात, ई. पॉलची मुलगी, आत्याचंच नाव मिळालेली. शिल्पकार होती. फोर्ट वर्थमध्ये घोड्यावर बसलेल्या विल रॉजर्स या विनोदी नटाचा जो पुतळा आहे तो तिचा. ब्यूक कंपनीच्या इलेक्ट्रा मोटारीचं नाव तिच्यावरून पडलं असंही सांगतात. दावा लावला तेव्हा ती ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. समोर दुसऱ्या शाखेचा वारस, आणि त्याचा विक्रीला विरोध. दोन्हीकडे निम्मं निम्मं.

निम्मं निम्मं हा वाटपाच्या दाव्यातला सगळ्यात वाईट आकडा. तीन भाऊ असले की कधी ना कधी दोघं एका बाजूला येतात. दोघंच असले की तारखा पडत राहतात. २००१मध्ये इलेक्ट्रा वारली, दावा तिच्या वारसांनी पुढे चालवला. हुकूम झाले, अपिलं झाली, पुन्हा खालच्या कोर्टात आलं. शेवटी तिथल्या व्हर्नन गावच्या जिल्हा न्यायाधीशांनी विक्रीचा हुकूम दिला आणि दलाल नेमले गेले. दाव्यापासून जाहिरातीपर्यंत तेवीस वर्षं. हा आकडा ऐकून आपल्याकडचे वकील गालात हसतात. अमेरिकेत असं होत नाही हा आपला समज मोडला म्हणून असेल.

म्हाताऱ्या बाईला विक्री का हवी होती, याला लोभ म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणत नाही. ढोबळ हिशेब करून बघा. ६,८०० गुरं म्हणजे सगळ्या व्यायच्या गाई आहेत असं क्षणभर धरा, आणि दरसाल प्रत्येकीचं वासरू जगलं आणि १,२०० डॉलरला गेलं असंही धरा. दोन्ही गोष्टी सढळ हातानं धरल्या आहेत. तरी उत्पन्न येतं ८१ लाख ६० हजार डॉलर, तेही मजुरी, कुंपण, औषधं, चारा आणि कर वजा जाण्याआधी. मागितलेल्या किमतीच्या जेमतेम एक टक्का. तेलाचं उत्पन्न वेगळं, पण ते कधी चढतं कधी उतरतं. म्हणजे कागदावर कोट्यधीश आणि हातात बेतास बात. वारसा हक्काचा केंद्रीय कर आणखी वेगळा. २०१६मध्ये माणशी ५४ लाख ५० हजार डॉलरपर्यंत सूट, त्यावर जास्तीत जास्त ४० टक्के. आपल्याकडे मृत्युकर १९८५मध्ये उठला, त्यामुळे बाप गेल्यावर कर भरायला जमीन विकायची वेळ आपल्या शेतकऱ्यावर येत नाही. तिथे ती टांगती तलवार कायम असते.

दुसऱ्या बाजूचंही खरं. जन्मापासून ज्या जमिनीवर घोडा फिरवला ती फक्त दुसऱ्याला पैसे हवेत म्हणून का जावी? भारतात हे दोघं सामाईक मालक म्हणून उभे असते तर १८९३चा वाटप अधिनियम लागला असता. जमीन सरस-निरस वाटणं शक्य नाही किंवा शहाणपणाचं नाही, आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असणारे विक्री मागत आहेत, तर कलम २खाली कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. निम्मा म्हणजे नेमका इथला आकडा. पण लगेच पुढच्या कलमात दुसऱ्या हिस्सेदाराला सोय आहे: कोर्टानं मूल्य ठरवावं आणि मागणाऱ्याचा हिस्सा मला त्या किमतीत द्यावा. कायदा सव्वाशे वर्षांचा, इंग्रजांनी केलेला, आणि मला वाटतं या एका बाबतीत शहाणा. खुद्द टेक्सासनं वारसांच्या सामाईक जमिनीसाठी हिस्सेदाराला आधी खरेदीची संधी देणारा कायदा २०१७मध्ये केला. वॅगनरची विक्री त्याच्या आदल्या वर्षी झाली, आणि तिथे जमीन ट्रस्टची असल्यामुळे तसा कायदा असूनही फार उपयोग झाला असता असं नाही.

अर्थात कलम ३ असलं तरी निम्म्या हिश्शाचे सव्वाछत्तीस कोटी डॉलर आणायचे कुठून हा प्रश्न उरतोच.

मग सरळ दोन भाग का नाही पाडले? आपल्याकडे एकानं वाटावं आणि दुसऱ्यानं आधी उचलावं ही जुनी रीत आहे, आणि तिच्याइतकी न्यायाची रीत मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. वॅगनरवर ती चालवून बघा. विचिटा नदी एका अंगानं वाहते, तिचं पाणी मुळातच खारट. गोड पाण्याची तळी दुसरीकडे. तेल सगळीकडे सारखं नाही. मुख्यालय, गोठे, घोड्यांच्या पागा एका ठिकाणी. दुष्काळात जिकडे गवत उरलं असेल तिकडे गुरं हाकायची ही तिथली शेतीची पद्धतच, आणि ती चालते कारण मधे बांध नाही. निम्मी जमीन निम्म्या किमतीची नसते. विहीर, मोटार आणि रस्ता एकाच भावाकडे जातो तेव्हा आपल्या दोन एकरांतही हेच होतं.

गुरं आणि शिकार

अशा जाहिरातीत «गुरांसाठी आणि शिकारीसाठी योग्य» हे शब्द एका दमात येतात. आपल्या वाचकाला त्यातला दुसरा अर्धा परका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठीही परवानगीचा कागद लागतो. टेक्सासात रानटी जनावर राज्यातल्या जनतेच्या मालकीचं, पण जमीन जवळपास सगळी खासगी. म्हणजे हरीण सगळ्यांचं असलं तरी फाटकाची किल्ली मालकाकडे. मालक ते फाटक उघडण्याचं भाडं घेतो. एकरावर, बंदुकीमागे किंवा हंगामावर. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू होतो आणि कित्येक रँचवाल्यांचा वर्षाचा कर या भाड्यातून निघतो. रानडुकरांना हंगाम नाही. ती मूळची तिथली नव्हेतच. २०११पासून हेलिकॉप्टरमधून त्यांना टिपायचे हक्कही मालक विकू शकतात.

गुरं आणि शिकार एकमेकांच्या मुळावर येतात असं वाटेल. ते गवतावर ठरतं. बॉबव्हाइट जातीचा लावा घरटं करतो ते जुन्या, झुपकेदार गवताच्या बुंध्यात. झुपका बास्केटबॉलएवढा तरी हवा. गुरांनी कुरण बोडकं केलं की लावा गेला. म्हणून तिथले जाणते मालक एक नियम पाळतात: निम्मं खायचं, निम्मं ठेवायचं. ठेवलेल्या निम्म्यात गवताची मुळं टिकतात, पावसाचं पाणी मुरतं, आणि लाव्याला घर मिळतं. शिकाऱ्याचं भाडं म्हणजे एका अर्थानं न खाल्लेल्या गवताचा मोबदला. १९९५मध्ये टेक्सासच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि शेतीच्या दरानं करआकारणी मिळायला वन्यजीवांची देखभालही धरली जाऊ लागली. शेतीच्या आकारणीत आधीपासून असलेली जमीन गुरं काढली तरी त्या आकारणीत राहू शकते. तेव्हापासून अशा रँचचा गिऱ्हाईकच बदलला. गाईंवर पोट असणारा मागे पडला, दुसरीकडे पैसा कमावून आलेला पुढे आला.

आणि मेस्कीट. तिथल्या कुरणांचं खरं दुखणं हे काटेरी झाड. आपली वेडी बाभूळ याच झाडाची चुलत बहीण, एकाच वंशातली. सोलापूर-मराठवाड्यात ओढ्याकाठची, पडीक जमीन जिनं गिळली तीच जात. गुरं गोड शेंगा खातात, बी शेणातून पेरतात. पूर्वी वणव्यात रोपं जळायची, कुंपणं आल्यावर वणवे विझवले जाऊ लागले आणि मेस्कीटला मोकळं रान मिळालं. पाच लाख एकरांवर ६,८०० गुरं म्हणजे जनावरामागे ७५ एकर. एवढी विरळ संख्या बघून आपला माणूस म्हणेल जमीन वाया चालली आहे. पण खाली गवत किती आणि काटा किती हे जाहिरातीच्या फोटोत दिसत नसतं, त्यासाठी घोड्यावर बसूनच जावं लागतं. शिवाय २०११च्या भीषण दुष्काळात टेक्सासभर कळप विकले गेले होते, ती तूट एवढ्यात भरून निघाली नव्हती.

अठरा महिने

विक्रीची वेळ कशी होती हे बघण्यासारखं आहे. रँच बाजारात आली त्या उन्हाळ्यात शेजारचं विचिटा फॉल्स शहर एवढं तहानलेलं होतं की जुलै २०१४पासून तिथे सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. तळी आटलेली, कुरणं भाजलेली. गिऱ्हाइकाला जमीन दाखवायला याहून वाईट वेळ नाही. पण तेल पिंपाला ९० डॉलरच्या वर होतं आणि वासरांना विक्रमी भाव होता. तेव्हा मागितलेली किंमत एकरी १,४०० डॉलरच्या थोडी वर पडत होती, आणि त्या दिवसांत ती कुणाला फार वावगी वाटली नाही.

पुढे सगळं फिरलं. मे २०१५मध्ये धो धो पाऊस झाला, तळी भरून वाहिली, गवत गुडघ्यापर्यंत आलं. आणि तोवर तेल घसरणीला लागलं होतं. फेब्रुवारी २०१६मध्ये सौदा जाहीर झाला तेव्हा पिंप ३० डॉलरच्याही खाली होतं, गुरांचे भावही उतरले होते. जमीन हिरवी झाली आणि जमिनीखालचं स्वस्त झालं. अशा वेळी ज्याला आपल्या मर्जीनं थांबता येतं तो थांबतो. कोर्टाच्या हुकमावर विकणाऱ्याला ती मोकळीक कुठून? पाच वर्षं थांबू म्हणायलाही दोघांची संमती लागते, आणि संमती असती तर दावाच झाला नसता.

घेणारा स्टॅन क्रोंके. आर्सेनल फुटबॉल क्लबचा आणि अमेरिकेतल्या अनेक संघांचा मालक. महिनाभरापूर्वीच त्याच्या रॅम्स संघाला सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला जायची परवानगी मिळाली होती. मोंटाना, वायोमिंगमध्ये त्याच्या मोठ्या रँच आधीपासून होत्याच. सौद्याची किंमत जाहीर केली नाही. जमीन सलगच राहिली, गुरं-घोड्यांचं काम चालू राहिलं. टॉम वॅगनरची इच्छा पुरी झाली म्हणायची, फक्त त्याचे वारस तेवढे त्यात नाहीत.

माझ्याकडे येणारे तरुण वकील इथे विचारतात, मग टॉमनं काय करायला हवं होतं? मी एवढंच सांगतो की ट्रस्ट चूक नव्हता. त्यात किंमत ठरवायची रीत, हप्त्यानं हिस्सा विकत घ्यायची मुभा आणि दोघं अडले तर तिसरा कोण, ही तीन कलमं घालायला पानभर कागद लागला असता. आपल्याकडेही बाप मृत्युपत्रात सोन्याच्या पाटल्या कुणाला ते लिहितो आणि विहिरीचं लिहायचं विसरतो.

घोडा

रँचच्या मुख्य फाटकासमोर, हायवे २८३च्या पलीकडे एक थडगं आहे. पोको ब्वेनो या घोड्याचं. ई. पॉल वॅगनरनं १९४५मध्ये लिलावात तो ५,७०० डॉलरला घेतला, शिंगरू असतानाच. पुढे क्वार्टर हॉर्स जातीतला तो नामांकित वळू घोडा झाला. गुरं वळवणाऱ्या घोड्यांच्या वंशावळीत त्याचं नाव आजही निघतं. ई. पॉलनं आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की हा घोडा उभाच पुरायचा. मालक १९६७मध्ये गेला, घोडा १९६९मध्ये, आणि सांगितलं तसंच केलं: खोल खड्डा, त्यात चार पायांवर उभा केलेला घोडा, वर मोठा ग्रॅनाइटचा दगड. याच घोड्याच्या वंशात त्वचेचा एक आनुवंशिक आजारही उतरला, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. माती, मान आणि रोग, वारशात सगळंच आलं. मृत्युपत्रात घोडा कसा पुरावा हे लिहिणाऱ्या माणसाच्या मुलीनंच पुढे विक्रीचा दावा लावला, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो.

तळ्याकाठची घरं

विक्रीनंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०१६मध्ये, लेक डायव्हर्जनच्या काठावर राहणाऱ्या लोकांना नोटिसा आल्या: पुढच्या जानेवारीअखेर जागा सोडा. विचिटा नदीवरच्या या तळ्याच्या काठानं कित्येक कुटुंबांनी रँचकडून भाड्यानं जागा घेऊन घरं बांधली होती. कुणी सुट्टीपुरती, कुणी निवृत्तीनंतर कायमची. घर त्यांचं, खालची जमीन वॅगनरांची. तेवीस वर्षांच्या दाव्यात ते पक्षकार नव्हते आणि व्हायचं कारणही नव्हतं. दोन्ही शाखा भांडत होत्या तोवर त्यांना कुणी हात लावला नव्हता. कोर्टाच्या तारखा पडत होत्या म्हणून त्यांची संध्याकाळची मासेमारी चालू होती, असंही म्हणता येईल.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला जमीन कसणारं कूळ मालक झालं; पण तेही कसणारं, तळ्याकाठी राहणारं नव्हे. टेक्सासात तेवढाही आधार नाही. भाडेकराराची मुदत आणि त्यातली नोटिशीची अट, एवढाच त्यांचा कायदा. ओट्यावरून पाणी दिसायचं ते घर उचलून नेता आलं तर न्यायचं, नाहीतर तिथेच सोडून द्यायचं. पाच लाख एकरांच्या सौद्यात ती घरं कुठेच मोजलेली नव्हती, कारण ती विकणाऱ्याची नव्हतीच.